घेणाऱ्याची खोड

“सौदा ठरेपर्यंत त्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं न्हाय,” मुजावरचाचा म्हणाले. “पाणी प्यालं की डोळा मरतो. डोळा मेला की भाव मेला.”

वडाप जीपनं आम्हाला फाट्यावर सोडलं होतं. पुढची वाट चिखलाची. पुढं चाचा, मधे मी, आणि मागं माझा मेव्हणा धैर्यशील, हातात चपला घेऊन.

“आणि दुसरं. गाडी आवडली तर तोंडावर दिसता कामा नये. आवडली की थुंकायचं.”

“मी थुंकत नाही, चाचा.”

“मास्तर लोकांचं हेच अवघड. बरं, खोका मग.”

चाचा कराडच्या बैलबाजारातले जुने दलाल. उभी हयात बैलांच्या तोंडात बघण्यात गेली. बैल कमी झाले तसे ते म्हशींवर आले, म्हशींवरून ट्रॅक्टरवर, आणि आता जुन्या गाड्यांचेही सौदे जमवून देत. गाडीतलं त्यांना काही कळत नसे, पण माणसातलं कळतं असा लौकिक होता. माझ्या सासऱ्यांचा त्यांच्यावर पूर्ण विश्वास होता. पोटच्या पोरावर नव्हता. म्हणून रक्कम माझ्या बंडीच्या आतल्या खिशात होती, आणि मी त्या दिवशी कॉलेजात तापानं आजारी होतो.

धैर्यशीलनं तोवर कोंबड्या करून बघितल्या होत्या, मोबाइलचं दुकान करून बघितलं होतं, एका निवडणुकीत एका पुढाऱ्याचा उजवा हातही होऊन बघितलं होतं. तिन्हींत कोंबड्याच बऱ्या निघाल्या. आता हे शेवटचं, असं सासऱ्यांनी सांगून टाकलं होतं. पाटणच्या वरच्या पठारावर पवनचक्क्यांची रांग आहे. तिथं कामगार आणि त्यांची हत्यारं वर-खाली न्यायला कंपनी भाड्यानं पिकप लावते. रस्ता असा, की पावसाळ्यात चारही चाकं ओढणारी गाडी लागते. लोक तिला फोर बाय फोर म्हणतात. आधीच्या गाडीवाल्याला काढलं होतं आणि एक तारखेपासून काम धैर्यशीलला मिळणार होतं. अट एकच, एक तारखेला गाडी दारात उभी पाहिजे.

काम मिळवून दिलं होतं मीच. साइटवरचा मॅनेजर तमिळनाडूकडचा. त्याला मराठी येत नसे, आणि हिंदी ‘चाय लाओ’ आणि ‘कल आओ’ यांच्या पलीकडे जात नसे. धैर्यशील मला त्याच्याकडे घेऊन गेला, कारण घरात इंग्रजी बोलणारा जावई असताना ते वापरात नसणं ही सासरच्यांच्या दृष्टीनं नासाडी होती. “दाजी, एवढंच सांगा, आधीचा माणूस वेळेवर येत नाही, आठवड्यात दोन दिवस दांडी मारतो. सगळ्यांना माहीत आहे.” सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट सांगायला हरकत नव्हती. मी ती चांगल्या इंग्रजीत सांगितली. मॅनेजरनं मान हलवली आणि चहा मागवला. पाच मिनिटांचं काम.

झोरेवस्ती म्हणजे उतारावर चार घरं. पहिल्याच घरापुढं गाडी उभी होती. पांढरा रंग पिवळट झालेला, नाकावर ठोकर बसून सरळ केल्याच्या खुणा, पण चारी पायांवर अशी रोखून उभी, की गाडीतलं न कळणाऱ्या मलाही खोकला आला.

“शाबास,” चाचा पुटपुटले.

गाडीचा मालक गंगाराम झोरे, वस्तीवरचे तात्या. पन्नाशी ओलांडलेला, अंगानं काटक, डोक्याला मुंडासं. त्यांनी आम्हाला रामराम केला आणि लगेच नजर जमिनीकडं वळवली. विकणारा माणूस वर बघून बोलतो, असं चाचांनीच वाटेत सांगितलं होतं. तात्या आमच्या पायांशी बोलत होते.

“बघा पाव्हणं. काय लपवायचं न्हाय... म्हंजे, बघा.”

मी दाराकडं बघितलं. दारावर निळ्या रंगात लिहिलेलं कुणीतरी रॉकेलनं पुसायचा प्रयत्न केला होता. पुसूनही वाचता येत होतं: ‘पवनचक्की सेवेत’.

मी धैर्यशीलला गाडीच्या मागं घेतलं.

“हा तोच माणूस?”

“कोणता?”

“आठवड्यात दोन दिवस दांडी मारणारा.”

“दाजी, हळू बोला की.”

“तुला माहीत होतं, ह्याचंच काम काढून ह्याचीच गाडी घ्यायला चाललोय आपण?”

“आता तालुक्यात फोर बाय फोर पिकप आहेत किती? दोन. एक वनखात्याची. ती विकतील का ते?” त्याच्या बोलण्यात तर्क होता. त्याच्या सगळ्या धंद्यांत तर्क होता. “आणि बघा, काम गेलं म्हणून तो विकतोय. विकली नाही तर गंजणार. आपण घेतली तर त्याचंच भलं आहे.”

“तो दांड्या मारायचा का खरंच?”

धैर्यशीलनं हौद्यात हात घालून एक दगड उचलला आणि पुन्हा ठेवला. “असं म्हणत होते,” तो म्हणाला.

“कोण?”

“दाजी, तुमचं हे इतिहासाच्या पेपरासारखं असतं बघा.”

हौद्यात दगड बरेच होते. नदीतले गुळगुळीत, ओळीनं लावलेले. चाचांनी विचारलं, “हे काय, तात्या? घर बांधताय का गाडीत?”

“न्हाय. ते... वजनाला. रिकामी गाडी उधळती.”

“बैल उधळतो. गाडी कशी उधळंल?”

“सवय हाय,” तात्या म्हणाले आणि मुंडासं सोडून पुन्हा बांधायला लागले.

मग तपासणी झाली. चाचांनी टायरला लाथा मारल्या, टपावर थाप मारली, आणि समोरची जाळी अशी वर-खाली बघितली, की आता ओठ उचलून दात मोजतात की काय. धैर्यशीलनं इंजिन सुरू केलं. आवाज ठीक होता. गियरच्या दांड्याशेजारी एक छोटा दांडा असतो, पुढची चाकं जोडायचा. त्यानं तो ओढला. दांडा खट्‌ करून बसला. “लागला!” तो म्हणाला. तात्यांनी आम्हाला बसवून वस्तीमागचा चढ चढवून आणला. गाडी चिखलातून बिनबोभाट वर गेली. गाडीच्या खाली मात्र कुणीच वाकून बघितलं नाही. चाचांचं धोतर परीटघडीचं होतं, माझी पँट इस्त्रीची होती आणि खाली चिखल होता.

परत येतो तर ओटीवर घोंगडी अंथरलेली. तात्यांची कारभारीण, ठकूबाई, ताटल्या घेऊन उभ्या होत्या.

“बसा. गाय व्यालीय. खरवस केलाय.”

“नको वो वैनी,” चाचा म्हणाले. “आमी जेवून आलोय.”

“खरवसाला कवा कोण न्हाय म्हनतं व्हय? गाईला वाईट वाटंल.”

गाय समोरच बांधलेली होती आणि आमच्याचकडं बघत होती. चाचांचा सगळा व्यवहार जनावरांशी झालेला. गाईपुढं त्यांचं काही चाललं नाही. आम्ही बसलो. गुळाचा खरवस, वर वेलदोडा. त्यानंतर नाचणीची भाकरी आणि तूप आलं. नको म्हणायची वेळ निघून गेली होती.

“ह्यास्नी जरा सांगा तुमी, सर,” ठकूबाई मला म्हणाल्या. “काम गेल्यापास्नं माणूस जेवत न्हाय. रातीला उठून गाडीपाशी बसतंय. मी म्हनलं, कंपनीला इचारा तरी, का काढलं म्हणून. तर म्हनत्यात, कशाला इचारायचं, आपलंच चुकलं आसंल.”

“ठके, पाव्हण्यांचं जेवान होऊ दे,” तात्या म्हणाले.

“दोन वर्सं सकाळी सहाला गाडी वर हुती. तापात सुदिक गेलं हे. आमची म्हातारी वारली तवा माती देऊन, तसंच ओल्या धोतरानं वर ग्येलं. आन्‌ काय चुकलं?”

खरवस घशाखाली जायला चावावा लागत नाही. त्या दिवशी लागला. धैर्यशीलनं भाकरीचा तुकडा तुपात बुडवला आणि बराच वेळ बुडवून ठेवला.

हात धुतले आणि चाचांनी खांद्यावरचा रुमाल काढला.

बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दलाल रुमालाखाली एकदा विकणाऱ्याचा हात धरतो, एकदा घेणाऱ्याचा. बोटं दाबून आकडा सांगायचा. कोण किती म्हणाला ते दलालाशिवाय कुणाला कळत नाही, त्यामुळं कुणाची अब्रू जात नाही आणि दलालाची गरज राहते. वाटेत चाचांनी मला बोटांची भाषा शिकवली होती. पैसे माझ्याकडं, म्हणून हातही माझाच.

पहिल्या फेरीत चाचा आधी तात्यांचा हात दाबून मग माझ्याकडं आले. त्यांचा चेहरा शांत होता. मी ठरल्याप्रमाणं कमी आकडा दाबायला हवा होता. पण समोर ठकूबाई ताटल्या घासत होत्या, आणि ओल्या धोतरानं वर गेलेला माणूस त्या धोतरासकट माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. मी ठरल्यापेक्षा एक बोट जास्त दाबलं.

चाचांनी डोळे बारीक केले. मास्तर चुकला असं समजून त्यांनी माझा हात पुन्हा दाबून विचारलं. मी आणखी एक बोट वाढवलं.

ते तात्यांकडं गेले. रुमालाखाली काहीतरी झालं आणि चाचांची एक भुवई वर गेली. ते परत माझ्याकडं आले. मला वाटलं, तात्या अडून बसले. बरोबरच आहे, अडावं माणसानं. मी आणखी वाढवलं. चाचा पुन्हा तात्यांकडं. आता दुसरी भुवई. तात्यांचा चेहरा शरमेनं काळवंडला होता, आणि माझा कसा दिसत होता ते धैर्यशीलच्या चेहऱ्यावरून कळत होतं. तो खुणेनं विचारत होता, किती झाले? मी गाईकडं बघत होतो.

तिसऱ्या फेरीनंतर चाचांनी रुमाल झटकला, घडी घातली आणि खांद्यावर टाकला.

“झाला सौदा?” धैर्यशीलनं विचारलं.

“सौदा?” चाचा घोंगडीवर बसले. “बाजारात माझं चाळीस पावसाळं गेलं. इकणारा चढतो, घेणारा उतरतो, मधे कुठंतरी गाठ पडती. हितं इकणारा दर फेरीला खाली येतोय आन्‌ घेणारा वर चाललाय. मघाशीच दोघं एकमेकाला वलांडून गेलं! मी गप बसलो असतो तर मधलं सगळं माझ्या खिशात आलं असतं.”

“मग?” मी विचारलं.

“मग काय? भ्या वाटलं मला! इकणारा आपणहून उतरतो तवा जनावरात खोड असती. घेणारा आपणहून चढतो तवा...” ते थांबले. “हे मला ठावं न्हाय. असं कुणी केलंच न्हाय आजवर. खोड सांगून इकावी, हा बाजाराचा नेम हाय. कुणाची काय खोड हाय ती आदी बोला. त्याबिगर मी रुमाल उघडत न्हाय.”

शेवटी तात्या उठले, गाडीपाशी गेले आणि चिखलात सरळ उताणे झोपले. गाडीच्या खालून त्यांचा आवाज आला.

“या बघायला.”

माझी पँट, चाचांचं धोतर, सगळं चिखलात गेलं. गाडीच्या पोटाखाली, मधल्या पेटीपासून मागच्या चाकांकडं एक जाड लोखंडी शाफ्ट गेला होता. पुढच्या चाकांकडं तसाच जायला हवा होता. तिथं काही नव्हतं. चिंध्या कोंबून तारेनं बांधलेलं एक भोक होतं.

“मोडला,” तात्या म्हणाले. “दोन वर्सं झाली. काम लागलं त्याच्या दुसऱ्याच महिन्यात. नवा घ्यायची ऐपत न्हवती, आन्‌ सांगितलं तर काम जातंय. काडून टाकला. दांडा नुसता बसतोय, त्याला खाली काय न्हाय. मागं दगड भरायचं, म्हंजे मागची चाकं रुतून वढत्यात. त्या दगडांवर मानसं बसवून न्हेली मी, सर. धा-धा मानसं. खाली दरी. आन्‌ भाडं घेतलं फोर बाय फोरचं.”

ते बाहेर आले. पाठभर चिखल.

“कंपनीला कळलं आसणार. कुणीतरी खाली वाकून बघितलं आसणार. म्हणून काडलं. मी इचाराय गेलो न्हाय. कुठल्या तोंडानं जाऊ? आन्‌ आता तेच पाप तुमच्या गळ्यात घालाय बसलो हुतो. पर बोटंच पुढं जाईनात.”

ठकूबाई हातातली राख तशीच घेऊन उभ्या होत्या. नवऱ्याची दोन वर्षं त्यांनाही आजच कळत होती.

धैर्यशील सगळ्यात आधी सावरला. “म्हणजे फसवणूक झाली की ही! चाचा, आता भाव निम्म्यावर...”

“थांब,” चाचा म्हणाले. त्यांनी मान माझ्याकडं वळवली. “इकणाऱ्याची कळली. आता घेणाऱ्याची?”

इथं खरं म्हणजे काही बोलायची गरज नव्हती. तात्यांनी आपल्या शिक्षेचं कारण स्वतःच शोधून काढलं होतं, ते पटवूनही घेतलं होतं. आमचं काम त्यांनी इतकं चोख केलं होतं, की गप्प राहिलं तरी पुरे होतं. धैर्यशील डोळ्यांनी तेच सांगत होता.

“तात्या, कंपनीला शाफ्टचं काही माहीत नाही,” मी म्हणालो.

“मग?”

“तुम्ही वेळेवर येत नाही, दांड्या मारता, असं त्यांना कुणीतरी सांगितलं.”

“मी? दांड्या?” ते गोंधळून हसले. “आसं कोन सांगंल?”

मॅनेजरला इंग्रजीत सांगायला मला दोन वाक्यं पुरली होती. तेच मराठीत सांगताना मध्ये मध्ये थांबावं लागलं. धैर्यशीलचं काम, माझं इंग्रजी, चहा, सगळं सांगितलं. ठकूबाईंनी ऐकून घेतलं. मग आत गेल्या, तांब्या आणला आणि माझ्यापुढं आदळला.

“चूळ भरा,” त्या म्हणाल्या. “आमचं खाल्लंय न्हवं. आदी चूळ भरा, आन्‌ मग ह्या दारातनं उठा.”

मी चूळ भरली. दुसरं काय करणार?

तात्या मात्र रागावलेले दिसेनात. ते गाडीच्या चाकावर हात ठेवून उभे होते. “म्हंजे शाफ्टचं त्यास्नी ठावंच न्हाय,” ते पुन्हा म्हणाले. महिनाभर ज्या शिक्षेवर ते जगत होते तीच कुणीतरी काढून घेतली होती. मग त्यांनी मुंडासं घट्ट केलं.

“सर, बसा गाडीत. वर जाऊ, सायबाकडं. तुमी खोटं विंग्रजीत सांगितलंसा, आता खरं बी विंग्रजीतच सांगा. तुमचं तुमी सांगा. आन्‌ माझं बी सांगा, शाफ्टचं. मला बोलता येत न्हाय, न्हायतर मीच बोललो असतो. ठेवलं तर ठेवलं. ठेवलंच, तर पयल्यांदा शेळ्या इकून शाफ्ट बसवीन, मगच मानसं बसवीन. ठके, रडू नगंस.”

“मी रडत न्हाय,” ठकूबाई म्हणाल्या. “धूर हाय.” चूल विझलेली होती.

चाचा आले नाहीत. सौदा मोडल्यामुळं आता त्या घरचं खायला हरकत नाही, असं सांगून त्यांनी खरवस पुन्हा मागून घेतला. मी तात्यांशेजारी बसलो. धैर्यशील मागं, दगडांवर.

वर जाताना मी एकदाच खिडकीतून खाली बघितलं. पुन्हा बघितलं नाही. माझ्या शेजारी तो छोटा दांडा खुळखुळत होता.

मॅनेजरची कचेरी म्हणजे पत्र्याची खोली. त्यानं मला ओळखलं, खुर्ची दिली. तात्या आणि धैर्यशील भिंतीपाशी उभे राहिले. मी माझं सांगितलं: या माणसाबद्दल मी जे म्हणालो ते खोटं होतं, तो एकही दिवस चुकलेला नाही.

“मग तुम्ही तसं का म्हणालात?” त्यानं इंग्रजीत विचारलं.

“हा माझ्या बायकोचा भाऊ आहे.”

त्यानं धैर्यशीलकडं बघितलं आणि समजून मान हलवली. बायकोचे भाऊ तमिळनाडूतही असावेत.

“आणि हा काय म्हणतोय?”

तात्या हात जोडून पुढं झाले होते. ते मराठीत सगळं बोलले. पुढची चाकं, मोडलेला शाफ्ट, दगड, माणसं, फोर बाय फोरचं भाडं. काही लपवलं नाही. बोलून झाल्यावर ते माझ्या तोंडाकडं बघत राहिले.

मी हे इंग्रजीत सांगितलं असतं, तर मॅनेजरनं त्यांना त्याच क्षणी बाहेर काढलं असतं. आणि काम पुन्हा आलं असतं माझ्या मेव्हण्याकडं. म्हणजे एकदा खोटं बोलून एका माणसाची भाकरी काढून घ्यायची, आणि खरं बोलून पुन्हा तीच काढून घ्यायची. एवढी हिंमत माझ्यात नव्हती.

“तो म्हणतो,” मी इंग्रजीत म्हणालो, “दोन वर्षं त्यानं इमानानं सेवा केली. त्याच्या फोर बाय फोरमधून सगळी माणसं सुखरूप गेली. पुन्हा संधी द्या.”

‘फोर बाय फोर’ हे शब्द मी मुद्दाम घातले. तेवढे तात्यांना कळणार होते. ते ऐकून त्यांनी डोळे मिटले.

बारावीचा इंग्रजीचा पेपर धैर्यशीलनं दोनदा दिला होता, पण एवढं इंग्रजी त्यालाही समजत होतं. त्यानं चमकून माझ्याकडं बघितलं. एक शब्द बोलला असता तर काम त्याचं होतं, सासऱ्यांची शेवटची रक्कम कारणी लागली असती. त्यानं तोंड उघडलं. तात्यांच्या पाठीवरचा चिखल वाळून पोपडे धरत होता, त्याच्याकडं तो बघत राहिला. आणि तोंड मिटलं. मी त्याला ओळखतो तेव्हापासून हे पहिल्यांदाच घडत होतं.

मॅनेजर उठला. तात्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “गुड, गुड. कम ऑन फर्स्ट. ओके?”

तात्यांनी वाकून त्याचे पाय धरले. तो ओशाळून मागं सरला आणि त्यानं चहा मागवला.

उतरताना तात्या वेगळेच माणूस झाले होते. बोलत होते, हसत होते, एका हातानं मला तंबाखूची चंची देत होते.

“मन मोठं हाय हो सायबाचं. एवडं सांगून बी राग न्हाय. शाफ्टचं ऐकून काय म्हनला त्यो?”

“काही विशेष नाही.”

“न्हाय न्हाय, ‘गुड’ म्हनला. मी ऐकलं की. म्हंजे त्याला चालतंय. सगळं ठावं हून बी चालतंय म्हनतोय, मग आपून कशाला जिवाचा आटापिटा करायचा? शेळ्यांची आता घाई न्हाय. दिवाळीनंतर बघू शाफ्टचं. गाभण हाईत त्या. काय?”

खिडकीखाली दरी होती. तळाशी धुकं, त्यामुळं ती किती खोल आहे ते दिसत नव्हतं. एक तारखेपासून सकाळी सहाला दहा माणसं त्या दगडांवर बसून इथून जाणार होती. दोन वर्षं तात्यांना त्यांच्या जिवाची भीती होती, म्हणून ती सुखरूप होती. ती भीती मी आत्ताच, पाच मिनिटांत, चांगल्या इंग्रजीत काढून टाकली होती.

“तात्या,” मी म्हणालो, “गाडी जरा बाजूला घ्या.”

“बाजू कुठाय हितं?” ते हसले. “बोला की, चालत्या गाडीत.”

मी चालत्या गाडीत बोललो. त्यांनी ब्रेक दाबला. ब्रेक मात्र उत्तम होते. माझं कपाळ काचेवर आपटलं आणि मागं दगड आणि धैर्यशील एकदमच पुढं घरंगळल्याचा आवाज आला.

तात्या पुढच्या धुक्याकडं बघत होते. त्यांनी शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं, म्हणूनच बहुधा दिली नाही. मग त्यांनी मान वळवून मागची वाट बघितली. त्या अरुंद वाटेवर गाडी वळवायला जागा नव्हती. त्यांनी उलटा गियर टाकला आणि गाडी तशीच, पाठमोरी, चढावर घ्यायला सुरुवात केली, मागची चाकं चिखल उडवत.

धैर्यशीलनं टपावर थापा मारल्या. “दाजी! आता परत कुठं? काय राहिलं वर?”

मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

“थोडं इंग्रजी राहिलं,” मी म्हणालो.